वाटीभर सफरचंद

भाईंदर पूर्व
१२ जून १९९४

प्रिय हंसा,

"फळाला पाणी घालायचं नाही ताई, त्याचं पाणी त्याला पुरतं." असं तू म्हणाली होतीस. ओट्याशी उभी होतीस, कुकरमध्ये झाकणाची वाटी ठेवत होतीस, आणि बोलताना मागे वळूनही पाहिलं नव्हतंस. सहा वर्षं झाली. या महिन्यात ते वाक्य रोज आठवतं, कारण मी रोज पाणी घालते. भीतीने घालते. फळ कोरडं राहील असं वाटतं, आणि मग सफरचंदाचं नुसतं पाणचट सार होतं.

हे पत्र पाहून तुला काय वाटेल याचा विचार मी केला नाही. केला असता तर लिहिलं नसतं. पत्ता तुझ्या भावाने दिला. भूपेश स्टेशनबाहेर भेटला. आधी त्याने ओळख दाखवली नाही, मग औषधाच्या चिठ्ठीमागे पत्ता लिहून दिला. "वलसाडला बालवाडीत शिकवते," एवढंच म्हणाला. हसला नाही.

आईंचं पोटाचं ऑपरेशन झालं. अल्सर फुटला होता. जठराचा अर्धा भाग काढून टाकला. आता घरी आणलंय. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आहे, तिखट नाही, तळलेलं नाही, कच्चं नाही. फळ द्यायचं ते साल-बी काढून, शिजवून, गाळून. कागद वाचून हे म्हणाले, "हे तर गुणवंतच्या पथ्यासारखंच आहे." मग चष्मा काढून पुसत बसले.

तीन वर्षं आपण दोघी जावा एका ओट्यावर वावरलो. गुणवंत गेला, त्याचं तेरावं झालं, आणि चौदाव्या दिवशी तू बॅग घेऊन माहेरी गेलीस. तुला कोणी थांबवलं नाही. मीही नाही.

आई दोन चमचे घेतात आणि तोंड फिरवतात. काल विचारलं, "हे काय?"

"सफरचंद."

"ती करायची ते सफरचंद. हे सफरचंदाचं धुवण आहे."

ती म्हणजे तू. तू गेल्यापासून त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. कालही घेतलं नाही.

म्हणून विचारते. लवंग तू आधी टाकायचीस की नंतर? वास असायचा, पण दाताखाली कडवट काही लागायचं नाही. तुझं सफरचंद मी एकदाच खाल्लंय. कसं होतं ते मला पक्कं आठवतं.

सोबत आमचा पत्ता घातलेलं कार्ड आहे. दोन ओळी पुरेत.

मंदाताई


भाईंदर पूर्व
२७ जून १९९४

प्रिय हंसा,

कार्ड मिळालं. "लवंग नंतर. गॅस बंद केल्यावर. झाकण पाच मिनिटं उघडू नका." खाली नाव नाही, पण अक्षर तुझंच. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतलं, फळ्यावर लिहिल्यासारखं. तू घरी आलीस तेव्हा आई म्हणाल्या होत्या, गुजराती मुलगी आणि अक्षर बघा हिचं, माझ्या मुलांपेक्षा बरं. त्या तेव्हा तुझ्याबद्दल असंही बोलायच्या. ते मी विसरले होते.

तू सांगितलंस तसंच केलं. पाणी घातलं नाही. आईंनी वाटी संपवली. बरं म्हणाल्या नाहीत, पण चमचा चाटला.

रोज सफरचंद नको म्हणून परवा राजेळी केळी घेतली. पश्चिमेच्या डोंगरी गावाहून एक सावित्री म्हणून बाई येते, बसने टोपली आणते आणि आपल्या बिल्डिंगच्या तोंडाशी बसते. तू असताना नव्हती. मी पिवळी केळी निवडायला लागले तर हातावर चापट मारली तिने.

"कोणाला पायजे?"

"सासूबाईंना. पोटाचं ऑपरेशन झालंय."

"मग ही काळी ने. पिवळी देवाला, आजाऱ्याला काळी. सालीसकट उकड न् मग सोल. म्हातारीच्या पोटाला काय न्हाय व्हायचं."

"काळी पडलेली म्हणून खपवतेस होय?"

"खपवायला तू काय पाव्हनी हाय? उद्या हितंच बसनार मी. शिव्या घालायला ये."

तिचं ऐकलं. उकडून आईंसमोर नेली आणि तिथेच सोलायला बसले. ही माझी चूक झाली. शेजारची ममता आली होती, चौकशीला. आईंनी ताटलीतली साल पाहिली आणि ताटली ढकलली. ममताने विचारलं, काय झालं. आई म्हणाल्या, "सालीनेच गेला माझा गुणवंत. टायफॉईडमधून उठला होता. ताप उतरून तीन दिवस झाले होते. बायकोने सफरचंद दिलं, साल नीट काढली नाही. आतडं फाटलं." ममता नवीन आहे, तिला माहीत नव्हतं. ती हिंदीत चुकचुकली आणि माझ्याकडे पाहू लागली. मी साली उचलल्या आणि आत गेले.

तुला हे का लिहिलं कळत नाही. लिहिलंय ते खोडत नाही.

पपई शिजवली तर चालेल का? कार्ड सोबत आहे.

मंदाताई


भाईंदर पूर्व
९ जुलै १९९४

हंसा,

कार्ड आलं नाही. पोस्टात राहिलं असेल.

नासपती आणली होती. वीस मिनिटं ठेवली तरी मधे रवाळ राहिली, गाळताना निम्मी चाळणीवरच. आईंना आवडली. तुला विचारण्यासारखं काही नाही.

पाणी एक दिवसाआड येतं, तेही पाऊण तास. टँकर आला की अजून तशीच पळापळ होते. गुणवंतने हाटकेशच्या कारखान्यातून आणलेल्या सहा झाकणाच्या वाट्यांपैकी पाच आहेत. सहावी तू नेलीस असं आईंना वाटतं. तू नेली नाहीस. ती माझ्या कपाटात आहे.

मंदाताई


आषाढी एकादशी, १९९४

हंसा,

तुझं कार्ड काल आलं. पपईचं उत्तर पहिल्या ओळीत आहे, पूर्ण पिकलेली असेल तरच, चिमूटभर मीठ घालून. मग एक ओळ मोकळी. मग खाली लिहिलंयस, "ताई, त्या दिवशी खरंच साल राहिली होती का?"

मी ते कार्ड उभ्याउभ्या वाचलं आणि पपई चिरायला घेतली. पपई शिजली, गाळली, आईंना भरवली. भांडी घासली. आज सकाळी उठून हे लिहायला बसले आहे. घरात खिचडीचा वास आहे. मी केलेली नाही. ममताने आणून दिली, आमची एकादशी म्हणून.

साल राहिली नव्हती. एक कणही नव्हता. बी नव्हती, बीच्या भोवतीचं ते कडक असतं तेही नव्हतं. लोण्यासारखं होतं. मला माहीत आहे, कारण त्या दिवशीचं सफरचंद मी खाल्लं.

आता सगळं क्रमाने लिहिते.

आजचीच तिथी. तू तीन रात्री धड झोपली नव्हतीस. मीच म्हटलं, तुझ्या आईकडे पाणी आलंय, जा, डोक्यावरून अंघोळ करून ये. तू कुकर उतरवलास, वाटी काढून ओट्यावर ठेवलीस आणि म्हणालीस, पाच मिनिटांनी झाकण उघडा आणि भरवा. आई विठोबाच्या देवळात गेल्या होत्या. हे खाली टँकरच्या रांगेत.

मी खिचडी परतत होते. गुणवंतने आतून हाक मारली.

"वहिनी, कसला वास?"

"खिचडीचा. एकादशी आहे."

"मग माझाही उपास."

"तुझा वीस दिवस उपासच चाललाय."

"तो डॉक्टरांचा. विठोबाचा राहिलाय." मग उठून बसला. "दोन घास दे गं. ते मऊ खाऊन खाऊन माझे दात पडतील. उपासाचं हलकंच असतं."

हंसा, मलाही ते हलकंच वाटत होतं. हे तुला खरं वाटणार नाही. तुमच्या घरचे उपास वेगळे. माझ्या माहेरी आणि या घरीही उपास म्हणजे पोटाला विश्रांती, असंच ऐकत आले. धान्य नाही, कांदा-लसूण नाही, तेलाचा थेंब नाही, सगळं साजूक तुपात. डॉक्टरांनी पोळी, भाकरी, भात नको म्हणून सांगितलं होतं. साबुदाण्याचं नाव घेतलं नव्हतं. मी त्याच्यावर उपकार करतेय असंसुद्धा वाटलं नाही, इतकं ते साधं होतं. आता लिहिताना मोजते, साबुदाणा, बटाटा, मिरची, तूप, वर भरड दाण्याचं कूट. यात हलकं काय ते मला सापडत नाही.

ताटली घ्यायला गेले तर म्हणाला, "त्याच वाटीत दे. रिकामी वाटी दिसली की बायको खूश."

मी लग्न होऊन आले तेव्हा तो आठवीत होता. तेव्हापासून मी त्याला दुसऱ्यांदा वाढत आले होते, आईंनी पुरे म्हटल्यावर. सफरचंद मी ताटलीत ओतलं आणि वाटीत खिचडी भरली. त्याने संपवली. पुन्हा मागितली, पुन्हा दिली. दाणे चावताना डोळे मिटून घेतले होते. म्हणाला, "वहिनी, आता बरा झालो."

मग ताटलीतलं सफरचंद. तू पहाटे उठून केलेलं, टाकायला हात होईना. फळ उपासाला चालतं. मी ओट्याशी उभी राहून खाल्लं. वाटी घासली नाही, नुसती विसळली आणि त्याच्या उशाशी ठेवली.

तू आलीस. केस ओले होते. वाटी पाहिलीस आणि म्हणालीस, "सगळं संपवलं?"

मी म्हटलं, "हो."

तू माझ्या दंडावर हात ठेवलास. थंड होता. म्हणालीस, "बघा ताई, भूक लागली म्हणजे सुटलो."

संध्याकाळी त्याला कळ आली. बाकीचं तुला माहीत आहे. एवढंच तुला ठाऊक नाही की डॉक्टरांनी "आज काय खाल्लं" असं विचारलं तेव्हा मी कुठे होते. मी दारात होते. त्याच्या चपला पिशवीत घेऊन उभी होते. तू सांगितलंस, "शिजवलेलं सफरचंद, वाटीभर." आई म्हणाल्या, "साल नीट काढली होतीस ना?" तू स्वतःच्या हातांकडे पाहिलंस. मला ते दिसलं. मी बोलले नाही.

त्या वेळी भीती होती. तिसऱ्या दिवशी तो गेला, मग बोलून काय होणार असं झालं. नंतर डॉक्टर यांना म्हणाले होते की या तापात आतडं फाटतं, कशानेही फाटतं, कधी काही कारण नसतानाही. त्या "कशानेही"वर मी सहा वर्षं काढली. तुझ्यापर्यंत तो शब्द पोचला नव्हता. मी पोचवला नाही. तो सांगितला असता तर तू पुढे आणखी काही विचारलं असतंस.

तुझं कार्ड येईपर्यंत मला वाटत होतं की तू आईंवर रागावून गेलीस. तू स्वतःचे हात तपासत बसली असशील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असेलही. मी ते येऊ दिलं नसेल.

रडू आलेलं नाही. लिहून हलकं वाटलं असंही नाही. पत्र आजच टाकते, नाहीतर टाकणार नाही.

मंदा


भाईंदर पूर्व
१४ ऑगस्ट १९९४

हंसा,

कार्ड आलं नाही. या वेळी पोस्टाला दोष देत नाही. भूपेश परवा समोरून आला आणि रस्ता ओलांडून गेला. तेव्हा पत्र मिळालंय एवढं कळलं.

तुला लिहिलं त्याच संध्याकाळी मी घरातही सांगितलं. आईंना भरवत होते. हे पेपर वाचत होते. मी म्हटलं, "आई, गुणवंतला त्या दिवशी मी खिचडी दिली होती. हंसाचं सफरचंद मी खाल्लं." दोनदा सांगावं लागलं, पहिल्यांदा त्यांना वाटलं मी आजच्या जेवणाबद्दल बोलतेय.

यांनी पेपर खाली ठेवला. आईंनी वाटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तू खाल्लंस?"

"हो."

"कसं होतं?"

"मऊ होतं, आई."

"साल?"

"नव्हती."

मी चमचा पुढे केला. त्यांनी तोंड मिटलं. ओरडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत, तुला म्हटलं होतं तसलं काहीच म्हटलं नाही. नुसतं तोंड मिटलं.

तेव्हापासून माझ्या हातचं घेत नाहीत. हे भरवतात. चमचा ओठाला लागला की विचारतात, "कोणी केलंय?" हे खरं सांगतात, मग त्या भिंतीकडे वळतात. एकदा यांनी खोटं सांगितलं, ममताने केलंय म्हणून. एक घास जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या, "हिचंच आहे. लवंग त्या पोरीसारखी, हात हिचा." ममताने खरंच करून पाहिलं, पण तिने प्रेमाने साखर आणि वेलदोडा घातला, ते उलटून पडलं. आता ताकाचं पाणी आणि नारळाचं पाणी, तेवढंच पोटात जातं. मनगटावरची बांगडी कोपरापर्यंत सरकते. डॉक्टर म्हणतात आठवड्यात खायला लागल्या नाहीत तर पुन्हा दाखल करायचं, आणि या वयात त्यातून काय निघेल ते सांगता येत नाही.

हे माझ्याशी कामापुरतं बोलतात. डबा घेऊन जातात, डबा संपवून आणतात. माझ्या हातचं तेही खातात की बाहेर टाकतात, मला माहीत नाही. मी विचारत नाही.

सहावी वाटी कपाटातून काढली. ती आता इतर पाचांत आहे. मला आता त्यांतली ती ओळखू येत नाही. सगळ्या सारख्या आहेत.

काल सकाळी आईंनी तुझं नाव घेतलं. यांना म्हणाल्या, "हंसाला बोलव."

हे म्हणाले, "कोणत्या तोंडाने बोलवू आई?"

"माझ्या," म्हणाल्या.

तुझी क्षमा मागायची आहे की फक्त तुझ्या हातचं खायचं आहे, मला कळत नाही. कदाचित त्यांनाही कळत नसेल. तुला पत्र लिहायला आधी हे बसले होते. दोन वेळा "सौ. हंसा" लिहिलं आणि दोन्ही वेळा कागद चुरगळला. म्हणून मी लिहितेय.

तू का यावंस याचं एकही कारण माझ्याजवळ नाही. म्हातारी भुकेने चालली आहे, हे कारण असायला हवं. पण तिनेच तुला काढलं आणि मी ते होऊ दिलं. तुझ्या जागी मी असते तर आले नसते. तू नाही म्हणशील, किंवा नाहीसुद्धा म्हणणार नाहीस, हे धरूनच लिहिते.

तरी लिहिते. येत्या रविवारी ये. एक दिवस. मी घरात नसेन. सकाळच्या बसने डोंगरीला सावित्रीकडे जाईन, अंधार पडल्यावर परत येईन; तुला माझं तोंड पाहावं लागणार नाही. हे घरी असतील, दार तेच उघडतील. सफरचंदं नवीन आली आहेत, चार आणून ठेवली आहेत, एकही दबलेलं नाही. सुरीला धार लावून घेतली आहे. लवंगा पूर्वीच्याच डब्यात, वरच्या फळीवर डावीकडे. कुकरची शिटी जरा उशिरा होते, एवढं लक्षात ठेव.

त्या दिवशी मी तुला पाण्यासाठी बाहेर पाठवलं होतं. या वेळी शनिवारी रात्री दोन्ही पिंपं भरून ठेवीन, तुला अंघोळीला कोणाकडे जावं लागणार नाही. सफरचंद तूच करशील आणि वाटी संपेपर्यंत तूच तिथे बसशील. मधे कोणी येणार नाही.

येशील का?

मंदा